चौदा फुटांचं गरम पाणी

प्रभाकर खांबेट्यांनी आयुष्यात तीन कोटेशनांशिवाय काही विकत घेतलं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात ते नोकरीला होते, आणि तिथला नियम असा की साधा झाडू घ्यायचा तरी तीन दुकानांकडून दर मागवायचे, तक्ता करायचा, साहेबांची सही घ्यायची आणि मग झाडू. हा नियम त्यांनी डोंबिवलीला घरी आणला. फरक एवढाच, की कारखान्यात शेवटी झाडू यायचा.

लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी तीन मुली पाहिल्या होत्या आणि मंदाकिनीवहिनी तिसऱ्या. "तेव्हा मात्र तक्ता केला नाही बरं का गुप्ते," असं ते मला कौतुकानं सांगत. वहिनी तेव्हा भाजी निवडत असत आणि मान वर करत नसत.

आमची सोसायटी १९७९ सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर ते आणि मी. ज्या सभेला मी गैरहजर होतो त्या सभेत मला सेक्रेटरी करण्यात आलं, तेव्हापासून बारा घरांच्या तक्रारी ऐकणं हा माझा जोडधंदा आहे. त्यातली खांबेट्यांच्या घरातली तक्रार मला कधी कुणी सांगितली नाही. ती मी उघड्या दारातून रोज बघत होतो.

बिल्डरनं प्रत्येक मोरीत दोन नळ दिले होते. एकावर निळं बटण, एकावर लाल. निळ्यातून सकाळी पाऊण तास पाणी यायचं. लाल नळ कशालाच जोडलेला नव्हता. राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात वहिनींनी तो उघडून पाहिला आणि हसून विचारलं, "अहो, यातून कधी येणार?"

"येईल की," खांबेटे म्हणाले. "जरा तुलना करू."

ती तुलना अकरा वर्षं चालली. तोवर लाल नळावर वहिनी ओलं फडकं वाळत घालत.

दोनशे पानी वहीत खांबेट्यांनी आडवे-उभे रकाने आखले. पहिल्या ओळीत तांब्याचा बंब. मजबूत, पण धूर होतो आणि भिंती काळ्या पडतात. दुसऱ्या ओळीत विजेचा गीझर. सोयीचा, पण वीजबिल वाढतं, आणि वीज गेली की भिंतीवर टांगलेलं एक पांढरं पिंप उरतं. पाण्यात सोडायचा रॉड स्वस्त, पण कुणाच्या तरी मेव्हण्याला शॉक बसलेला. प्रत्येक वस्तूत खोट होती आणि ती शोधून काढण्यात खांबेट्यांचा हात धरणारा माणूस डोंबिवलीत नव्हता. एखादी चांगली निघाली तर ते अस्वस्थ होत आणि पुन्हा दुकानात जाऊन खोट घेऊनच येत.

गीझर स्वयंपाकघरात लावला तर मोरीपर्यंत पाइप किती लागेल, हेही त्यांनी टेपनं मोजलं होतं. चौदा फूट. मध्ये एक उंबरा, त्यासाठी पाइपाला वळण द्यायला दोन एल्बो. हे सगळं त्यांनी मला एका रविवारी वही उघडून समजावून सांगितलं. तक्त्याच्या अगदी तळाशी "चालू पद्धत" अशी एक ओळ होती. साधन : रॉकेलचा स्टोव्ह. इंधन : रेशनवर. जागा : लागत नाही. शेवटचा रकाना "श्रम" असा होता. बंबापुढे त्यांनी तिथं "राख काढणे" असं लिहिलं होतं. चालू पद्धतीपुढे नुसती आडवी रेघ.

चालू पद्धत अशी होती. वहिनी पहाटे पाचला उठून स्टोव्हला पंप मारत. त्यावर मोठा टोप. पाणी खळखळलं की दोन्ही हातांत फडकी घेऊन टोप उतरवायचा, बोळातून न्यायचा, उंबऱ्यावर पाय उचलायचा आणि मोरीतल्या बादलीत ओतायचा. सासूबाई होत्या तोवर त्यांचं पाणी सगळ्यांत आधी, मग खांबेट्यांचं, मग लेकीचं, उत्तराचं. खांबेट्यांना आंघोळीला कढत पाणी लागे. कोमट चालत नसे. बादली भरली की वहिनी "पाणी काढलंय हो" म्हणत आणि खांबेटे वर्तमानपत्राची घडी घालून उठत. त्या वर्तमानपत्रात ते गीझरच्या जाहिरातीच पाहत असायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत उंबऱ्यावर वहिनींचा पाय अडखळला आणि टोप कलंडला. डाव्या पावलावर फोड आले. खांबेटे खरोखर घाबरले. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी डॉक्टर आणला, मलम आणलं, दोन दिवस रजा काढली, वहिनींच्या पायाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी वही काढून तक्त्यात नवा रकाना वाढवला : "सुरक्षितता". मग तो भरायला सगळ्या दुकानांत पुन्हा जाणं आलं. चौथ्या दिवशी वहिनी एका पायात चप्पल आणि एका पायाला पट्टी अशा थाटात टोप घेऊन बोळातून जाताना मला दिसल्या.

"वहिनी, त्या खांबेट्यांना एक लाथ घाला," मी म्हणालो.

"पाय दुखतोय ना भाऊजी," त्या म्हणाल्या.

मग शहाऐंशीच्या सुमारास त्या घरात 'अनुदान' हा शब्द शिरला. सौर बंबावर, म्हणजे गच्चीत काचेच्या पेट्या लावून उन्हानं पाणी तापवायच्या यंत्रावर, सरकार किमतीचा काही हिस्सा देणार अशी बातमी आली. खांबेट्यांना जणू देव भेटला. उन्हाला बिल नाही, धूर नाही, शॉक नाही, वर सरकारच आपल्याला पैसे देणार! आता खोट काढायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी थांबायला कारण काढलं. यंदा अनुदान कमी आहे, पुढच्या वर्षी वाढेल. पुढच्या वर्षी वाढलं नाही, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी नक्की. मध्येच अनुदान बंद होणार अशी आवई उठली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. तरी अर्ज केला नाही, कारण तिसरं कोटेशन यायचं होतं.

एकदा ते वहिनींना आणि उत्तराला घेऊन ठाण्याला गेले. घोडबंदर रोडला तेव्हा दुतर्फा झाडी होती आणि माणसांपेक्षा ट्रक जास्त. तिथं त्यांच्या कारखान्यातल्या एका साहेबांच्या बंगल्यावर सौर बंब होता. खांबेटे शिडी लावून वर चढले आणि काचेच्या पेटीचा कोन मोजत बसले. वहिनींनी खाली न्हाणीघरात नळ सोडून हात धरला. त्या हात काढेचनात. शेवटी साहेबांच्या बायकोला सांगावं लागलं, "अहो, पाणी वाया जातंय." ही गोष्ट मला उत्तरानं सांगितली, आणि सांगताना तिला हसू येत नव्हतं.

खांबेट्यांनी त्या सहलीतून कोन तेवढा लिहून आणला.

आमच्याकडे कोपरहून मासळी घेऊन आवडाबाई यायची. खाडीकाठचं कोळ्याचं घर, पाटी डोक्यावरून उतरवतानाच बोलायला सुरुवात. नव्वद साली पावसाळ्यात माझी बायको सरोज पापलेटाचा भाव पाडत होती आणि समोरच्या दारात खांबेटे मला अनुदानाचं नवं परिपत्रक वाचून दाखवत होते. आवडाबाईनं थोडा वेळ ऐकलं.

"आमचे दारान उनान टोप ठेवला का दुपारी पोरांची आंघोल होतं," ती म्हणाली. "त्याला सरकारचा कागद कनाला पायजे?"

खांबेटे तिला कार्यक्षमता समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, "ता माना नको सांगू. माझा भगवान तीच यंत्रा बनवतो, शीलफाट्याला. त्याला धाडतंय."

आणि खरंच दुसऱ्या रविवारी तिचा मुलगा भगवान आला. शीळफाट्याजवळ एका शेडमध्ये चार माणसं हाताशी घेऊन तो सौर बंब जोडत असे. गच्ची पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, आणि म्हणाला, एकेका घराला परवडायचं नाही, साऱ्या बिल्डिंगला मिळून एकच मोठा बसवा. भिंतीतले जुने पाइप आहेतच, लाल नळ जोडून देतो.

एरवी आमच्या सभेत हे कधी मंजूर झालं नसतं. पण ऑगस्टात तिकडे आखातात लढाईचं वातावरण झालं आणि इकडे आमच्या रेशनच्या दुकानात रॉकेल येईना. रांगेत चार तास उभं राहून रिकामा डबा परत आणल्यावर माणसाला उन्हाचं महत्त्व पटतं. त्यात अनुदान. बारा बिऱ्हाडांचं एकमत आमच्या इतिहासात दोनदाच झालं : वॉचमन नको यावर, आणि अनुदान हवं यावर. खांबेट्यांना समितीचे प्रमुख केलं. तीन कोटेशनं आली, भगवानचं सर्वांत कमी निघालं. खांबेट्यांनी तक्त्याखाली सही केली. अकरा वर्षांनी त्यांनी काहीतरी घेतलं होतं.

अनुदानाची पद्धत अशी, की प्रत्येक घरानं आपापला फॉर्म भरायचा, सेक्रेटरीनं ते गोळा करायचे आणि यंत्र बसून तपासणी झाली की सगळे एकदम ऑफिसात द्यायचे. फॉर्मवर एक प्रश्न होता : "सध्या पाणी तापवण्याचे साधन". खांबेट्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "रॉकेलचा स्टोव्ह". बाराही फॉर्म माझ्या कपाटात आले.

दिवाळीच्या आत काम पुरं करायचं असा खांबेट्यांचा हट्ट होता. "नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ लाल नळाच्या पाण्यानं," असं त्यांनी गच्चीत जाहीर केलं, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पहिली आंघोळ हिची. मी पाट मांडणार, मी नळ सोडणार. गुप्ते, अकरा वर्षं झाली हो."

आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला भगवाननं वरचा कॉक उघडला. साऱ्या बिल्डिंगच्या लाल नळांनी आधी खोकून गंज टाकला आणि मग वाफाळतं पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भगवान जिन्यात उभा राहून तीनतीनदा सांगत होता, "आज रातचा कोनी पाणी काढू नका. टाकीला जाड अस्तर आहे, टाकीत राहील तर सकाळला चटका देईल. काढून ठेवाल तर तुमचं थंड होईल, आणि वर टाकीत नवीन थंड पाणी भरेल. सकाळी काढा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्वतः फळ्यावर तशी सूचना लिहिली, खाली सही केली.

आता डोंबिवलीच्या माणसाला एक सवय असते, ती बाहेरच्यांना कळायची नाही. नळाला पाणी दिसलं की तो भरतो. हंडा, कळशी, पिंप, बादली, शेवटी चहाची पातेली. उद्या येईल यावर त्याचा विश्वास नसतो, आणि का असावा? साडेसातच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरून बादलीत धार पडल्याचा आवाज आला. मग पहिल्या मजल्यावरून. मी मोरीत गेलो तर सरोज पिंप भरत होती.

"अगं, सूचना माझ्याच सहीची आहे!"

"सगळे भरतायत. आपण काय वेडे? सकाळी नाही आलं म्हणजे?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी दुसरी बादली धरली.

भरलं नाही फक्त खांबेट्यांनी. वहिनींनी एकदा विचारलं म्हणे, "एक हंडा भरून ठेवू का?" तर हे म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

पहाटे चारला मला जाग आली ती आरडाओरड्यानं. आमच्या पिंपातलं पाणी गार पडलं होतं. लाल नळ सोडला तर त्याहून गार. बारा घरांनी रात्री आपापल्या पिंपांत सूर्य भरून ठेवला होता आणि तो पहाटेपर्यंत मावळला होता. दोष अर्थातच खांबेट्यांचा, असं ठरवून पाच-सहा जण रिकाम्या बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले. मी दार उघडून बाहेर पडलो.

खांबेट्यांचं दार उघडंच होतं. मोरीबाहेर पाट, भोवती रांगोळी. केसांना तेल लावलेल्या वहिनी पाटावर बसलेल्या, आणि आत खांबेटे लाल नळाखाली हात धरून उभे. ते हात काढतच नव्हते, जणू थोड्या वेळानं तरी येईल. लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं फसवलं, कुणी म्हणालं अनुदानाच्या नादानं आमची दिवाळी घालवली, कुणी म्हणालं आता उजाडायच्या आत आंघोळी झाल्या नाहीत तर नरकात जाऊ. खांबेट्यांनी नळ बंद करून पुन्हा उघडला. सणाच्या पहाटे तो माणूस सगळ्यांसमोर इतका लहान झाला होता, की मला माझ्या पिंपाची लाज वाटली. पण मी ते कबूल केलं नाही.

वहिनी पाटावरून उठल्या. माळ्यावर टाकलेला टोप काढला, कोपऱ्यातला स्टोव्ह पुढे ओढला. कसल्यातरी अंदाजानं त्यांनी दोन बाटल्या रॉकेल शिल्लक ठेवलं होतं. अर्थात त्यांचा विश्वास वहीवर कधीच नव्हता.

"बादल्या मोरीत ठेवा," त्या म्हणाल्या. "एकेक टोप देते. उजाडायच्या आत होतील सगळ्यांच्या."

रांगेत दोन प्रकारचे लोक होते. ज्यांचं सिलिंडर फराळात संपलं होतं ते, आणि आपला गॅस कशाला जाळा म्हणणारे. मी दुसऱ्या प्रकारातला. पहिला टोप झाला, दुसरा झाला. तिसरा घेऊन वहिनी बोळात आल्या आणि भिंतीला टेकून थांबल्या. पन्नाशी उलटली होती. मनगट वळत नव्हतं.

"द्या इकडं," खांबेटे म्हणाले. बायकोला ते अगंतुगं करत, पण त्या क्षणी तोंडून 'द्या'च आलं.

त्यांनी फडकी हातांत घेतली आणि टोप धरला. धरताक्षणी तो खाली गेला, पाणी हिंदकळलं, पायजम्यावर उडालं. त्यांनी दात आवळून दोन पावलं टाकली. वाफ तोंडावर येत होती, चष्मा धुरकटला होता, पुढचं दिसत नव्हतं. उंबऱ्याशी आले आणि पाय उचलावा की आधी टोप पलीकडे न्यावा हे त्यांना कळेना. तिथंच खाली ठेवला. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ते त्या बोळातून त्या टोपासकट चालत होते, आणि बोळ संपला नव्हता.

"रोज किती असतात?" त्यांनी विचारलं.

"तीन," वहिनी म्हणाल्या. "आई होत्या तेव्हा चार."

खांबेट्यांनी पुन्हा टोप उचलला. त्यानंतरचे सगळे त्यांनीच नेले, मला हात लावू दिला नाही. आम्ही सगळे उजाडायच्या आत न्हालो आणि नरकातून सुटलो. वहिनींचा नंबर आला तोवर रॉकेल संपलं होतं आणि समोरच्या गच्चीवर ऊन आलं होतं. साऱ्या बिल्डिंगमध्ये शास्त्राप्रमाणे नरकात जाणाऱ्या त्या एकट्याच.

दुपारी दोनला मात्र लाल नळाला चटका देणारं पाणी आलं. खांबेट्यांनी पाट मांडला, नळ सोडला, आणि ऐन दुपारी वहिनींची दिवाळीची आंघोळ झाली. जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी त्यांची बादली बराच वेळ भरत होती. या खेपेस पाणी वाया जातंय असं कुणी म्हणालं नाही.

पुढे काही बिघडलं नाही. चार दिवसांत लोक रात्री पाणी काढायचे थांबले, कारण काढून उपयोग नाही हे त्यांना पटलं. पटवायला भगवानची तीन व्याख्यानं पुरली नव्हती, एक गार आंघोळ पुरली. तपासणीचा साहेब आला, नळाखाली बोट धरून ठीक आहे म्हणाला. मी फॉर्म द्यायला निघणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी खांबेटे आले.

"माझा फॉर्म जरा द्या. एक चूक राहिलीय."

त्यांनी "रॉकेलचा स्टोव्ह" यावर पट्टीनं सरळ रेघ मारली, वर काहीतरी लिहिलं, आणि खरेदी खात्याच्या शिस्तीनं खाडाखोडीशेजारी छोटी सही केली. मी न वाचताच गठ्ठ्यात घातला. सेक्रेटरी सगळं वाचायला लागला तर जगायचा कधी?

दोन महिन्यांनी अकरा घरांचं अनुदान आलं. एक फॉर्म परत आला. वर लाल शाईत शेरा होता : "नमूद केलेले साधन मान्य यादीत नाही. नवीन अर्ज भरून द्यावा." साधनाच्या रकान्यात खांबेट्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, "सौ. मंदाकिनी प्रभाकर खांबेटे".

मी तडक समोर गेलो. "अहो खांबेटे, हे काय? कोरा फॉर्म आणलाय. स्टोव्ह लिहा, सही करा, महिनाभरात पैसे येतील."

"जे लिहिलंय ते बरोबर आहे," खांबेटे म्हणाले.

"अहो, पण अनुदान जाईल!"

"जाऊ दे."

हे तोंड त्याच माणसाचं आहे ना, हे मी नीट पाहून घेतलं. ज्या अनुदानासाठी चार वर्षं थांबले, जे बंद होणार म्हणून दोन दिवस उपाशी राहिले, ते एका शब्दासाठी सोडत होते. माझा संताप झाला. स्वयंपाकघरात जाऊन मी फॉर्म वहिनींच्या पुढे धरला. "तुम्ही तरी सांगा यांना. बघा काय लिहून ठेवलंय!"

वहिनींनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, लाल शेऱ्यासकट. मग त्यांनी फॉर्मची घडी घातली, रेशनकार्डाचा डबा काढला, त्यात ती तळाशी ठेवली आणि झाकण लावलं.

"वहिनी, अहो, तो ऑफिसात परत द्यायचाय."

"नाही द्यायचा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या.

अकरा वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता बाहेर पडलो.